लाय डिटेक्टरच्या कागदावर सही करण्याआधी

"ताई, उद्या मुंबईला नेणार म्हणत्यात. मशीनवर बसवणार. कागदावर सही मागितलीय. करू का?"

हा फोन मला बावीस वर्षांत दहा-बारा वेळा तरी आला असेल. मी सातारच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते. फोन करणारा माणूस बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि म्हणूनच त्याला सहीची घाई असते. मी "थांबा" म्हटलं की तो मलाच ऐकवतो, "ताई, कर नाही त्याला डर कशाला?" या म्हणीनं माझ्या अशिलांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. लाय डिटेक्टरचं यंत्र डर मोजतं. कर मोजायची सोय त्यात नाही.

म्हणून ठाण्यातून बोलावणं आल्यापासून अहवाल हातात येईपर्यंत काय करायचं ते इथे क्रमानं लिहिते. तुमच्यावर वेळ आली नाही तर उत्तमच. पण पतसंस्थेत, सोसायटीत, सराफाच्या दुकानात, कुणाच्या घरी कामाला असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी असेल, तर वाचून ठेवा.

सगळ्यात आधी विचारा, "टेस्ट म्हणजे नेमकी कोणती?" पोलीस नुसतं 'टेस्ट' म्हणतात आणि घरचे नुसतं 'नार्को' ऐकतात. प्रकार तीन आहेत. पॉलिग्राफ म्हणजेच लाय डिटेक्टर. यात इंजेक्शन नसतं, शरीराला वायरी लावून प्रश्न विचारतात. नार्कोमध्ये सोडियम पेंटोथालसारखं औषध शिरेतून देऊन अर्धवट गुंगीत बोलतं करतात. तिथे भूलतज्ज्ञ लागतो आणि जिवाची जोखीम असते. ब्रेन मॅपिंगमध्ये डोक्यावर टोपी घालून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपतात. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला खुनासाठी जन्मठेप दिली, तेव्हा मेंदूच्या अशाच चाचणीचाही आधार घेतला होता. त्याची चर्चा परदेशातही झाली. कागदावर तिन्ही प्रकारांची नावं एकत्र छापलेली मी पाहिली आहेत. ज्याला होकार द्यायचा नाही ते नाव खोडायला लावा आणि खोडल्याजागी सही करा.

आता सहीचा प्रश्न. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन आणि आणखी दोन न्यायमूर्तींचं पीठ होतं. या तिन्हींपैकी कोणतीही चाचणी कुणावरही सक्तीनं करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. घटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, आणि अनुच्छेद २१ माणसाच्या मनाच्या खासगीपणालाही लागू आहे. हा निकाल फक्त आरोपीसाठी नाही, संशयित आणि साक्षीदारांसाठीही आहे. त्याआधी, २००४ मध्ये, तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात मुंबई उच्च न्यायालयानं उलटा निकाल दिला होता. त्या काळात नोकरीला लागलेले काही अंमलदार आजही "करावीच लागते" असं सांगतात. ते खोटं बोलतात असं नाही, त्यांना तसंच शिकवलं गेलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. एवढंच म्हणा: "साहेब, मी माझ्या वकिलाशी बोलून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सांगेन."

हे वाक्य पाठ करा. घरच्यांकडूनही पाठ करून घ्या. यात नकार नाही, उद्धटपणा नाही, आणि तुमचा एकही हक्क सुटत नाही. कारण पोलीस ठाण्यात दिलेल्या संमतीनं भागतच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० साली याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि सेल्वीच्या निकालानं ती पाळण्याचं बंधन घातलं. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, त्या वेळी तुमचा वकील हजर पाहिजे. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम तुम्हाला आधी समजावून सांगितले पाहिजेत. तुम्ही किती दिवस कोठडीत आहात, चौकशी कशी झाली, हेही न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारात घ्यायचं असतं. चाचणीत जे बोलाल त्याला कबुलीजबाबाचा नाही, पोलिसांसमोरच्या जबाबाचा दर्जा असेल, हेही स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मी अशिलाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याआधी अर्धा तास बाहेरच्या बाकावर घेऊन बसते. "तुमच्यावर कुणी दबाव आणला का?" असं आत विचारतील तेव्हा मान खाली घालून "नाही" म्हणायची सवय आपल्या लोकांना आहे. कुणी दमदाटी केली असेल, रात्रभर बसवून ठेवलं असेल, 'सही केलीस तर सोडतो' म्हटलं असेल, तर ते तिथेच सांगायचं. इंग्रजी कागद असेल तर "मला मराठीतून द्या" म्हणायचं. संकोच वाटतो, मला कळतं. पण त्या पाच मिनिटांत संकोच केला तर पुढे वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते.

मग होकार द्यायचा की नकार? माझं मत सरळ आहे: दहातल्या नऊ जणांना मी नकार द्यायला सांगते. नकार म्हणजे गुन्ह्याची कबुली असा अर्थ न्यायालय काढू शकत नाही. तपास अधिकाऱ्याचा संशय मात्र वाढू शकतो, चार दिवस जास्त हेलपाटे पडू शकतात, हे मी लपवत नाही. तरीही नकार का, ते समजायला यंत्राची रीत समजून घ्यावी लागेल.

मी सात-आठ वर्षांची असताना कोरेगाव तालुक्यात आत्याच्या घरी नथ हरवली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर आळ आला. गावातल्या एका जाणत्यानं मंतरलेले तांदूळ आणले आणि घरातल्या चौघा-पाच जणांना चावायला दिले. ज्याचे तांदूळ कोरडे राहतील तो चोर. मावशींचे कोरडे निघाले. त्या दिवशी त्या मागच्या दारानं गेल्या त्या परत आल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला पैठणीची घडी मोडली तेव्हा नथ खाली पडली. त्या तांदळात मंत्र नव्हता, पण एक खरी गोष्ट होती: भीतीनं तोंडाला कोरड पडते. आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त भीती कुणाला होती? जिचं घर त्या कामावर चालत होतं तिला.

पॉलिग्राफ याच तत्त्वावर उभा आहे, फक्त मोजमाप बारीक आहे. छातीला आणि पोटाला एकेक नळी बांधून श्वास मोजतात, दंडाच्या पट्ट्यानं रक्तदाब आणि नाडी, बोटांना लावलेल्या पट्ट्यांनी घाम. खुर्चीवर हालचाल टिपणारी गादी असते. विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्तदाबावरून खोटं ओळखण्याचा प्रयोग सुरू केला, १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली पोलिसांत जॉन लार्सननं श्वास आणि रक्तदाब एकत्र नोंदवणारं यंत्र बनवलं. १९२३ सालीच वॉशिंग्टनच्या न्यायालयानं मार्स्टनची चाचणी पुरावा म्हणून नाकारली. शंभर वर्षं उलटली तरी मूळ अडचण तीच आहे. खोटं बोलल्यावरच उठते आणि दुसऱ्या कशानंही उठत नाही, अशी एकही खूण माणसाच्या शरीरात नाही. राग, लाज, अपमान, झोप न होणं, या सगळ्यांनी तीच रेघ वर जाते.

हे परीक्षकांनाही माहीत असतं, म्हणून ते तुलनेचे प्रश्न घालतात. मुख्य प्रश्न असतो, "तिजोरीतले पैसे तुम्ही घेतले का?" तुलनेचा प्रश्न असतो, "आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केला आहे का?" चोर मुख्य प्रश्नाला जास्त दचकेल आणि निर्दोष माणूस तुलनेच्या प्रश्नाला, असं गृहीत धरलेलं असतं. ज्याची नोकरी आणि अब्रू मुख्य प्रश्नावर टांगलेली आहे तो निर्दोष माणूस त्याच प्रश्नाला का दचकणार नाही, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

यंत्र अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००३ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की एखाद्या विशिष्ट घटनेबद्दल, युक्त्या न शिकलेल्या माणसाला विचारलं तर यंत्र नुसत्या अंदाजापेक्षा बरंच बरं चालतं, पण अचूकतेच्या जवळही जात नाही. त्याच अहवालात एक हिशेब आहे. दहा हजार कर्मचारी, त्यांत दहा हेर. दहापैकी आठ हेर सापडावेत असं यंत्र कडक लावलं तर त्यांच्याबरोबर सुमारे १,६०० निर्दोष लोकही 'खोटे' ठरतात. निर्दोष वाचावेत म्हणून सैल सोडलं तर बहुतेक हेर सुटतात. आणि तसे सुटलेही आहेत: सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएतांना गुपितं विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्या पार करून गेला. सिएटलजवळ अनेक स्त्रियांचे खून करणारा गॅरी रिजवे १९८४ मध्ये चाचणी 'पास' झाला आणि २००१ पर्यंत मोकळा राहिला.

तरीही द्यायचीच असं ठरलं, तर तयारी अशी करा.

आजार आणि औषधं लिहून द्या. रक्तदाबाची गोळी, मधुमेह, थायरॉईड, दमा, मानसिक आजारावरचे उपचार, गरोदरपण, काहीही असेल ते. आदल्या दिवशी औषध बंद करू नका. दारू पिऊन जाऊ नका, उपाशीही जाऊ नका. ताप असेल किंवा रात्र जागून काढली असेल तर पुढची तारीख मागा. सातारहून सांताक्रूझजवळच्या कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि पोलिसांची गाडी बहुधा रात्री दोन-तीनला निघते. पहाटेच्या घाटातून डुलक्या खात गेलेला माणूस सकाळी अकराला खुर्चीत बसतो. म्हणून संमतीच्या वेळीच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करते की आदल्या संध्याकाळी पोहोचवावं आणि रात्री झोपू द्यावं.

दुसरी गोष्ट फार कमी लोक करतात. चाचणीच्या आदल्या दिवशी एका कागदावर लिहा: गुन्ह्याबद्दल मला आजवर काय काय कळलंय आणि ते कुणाकडून. काही परीक्षक दुसऱ्या पद्धतीनं प्रश्न विचारतात. १९५९ साली डेव्हिड लिकन यांनी ती मांडली आणि जपानमध्ये पोलीस ती नेहमी वापरतात. "पैसे लाल पिशवीत होते का? निळ्या? खाकी?" खरा रंग फक्त चोराला माहीत असेल तर तोच त्या रंगाला दचकेल, म्हणून ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. पण तालुक्याच्या गावात पिशवीचा रंग दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोहोचलेला असतो, नाहीतर ठाण्यात चौकशीतच "ती खाकी पिशवी कुठं ठेवलीस?" असं विचारून झालेलं असतं. तुमचा तो कागद वकिलाकडे तारीख घालून द्या. परीक्षकालाही सांगा.

आत गेल्यावर बराच वेळ नुसत्या गप्पा होतात. घर, शिक्षण, नोकरी, कर्ज. माणसं इथेच फसतात. वायरी लावलेल्या नसतात म्हणून ती मोकळी होतात. चाचणी तिथूनच सुरू झालेली असते. मग सगळे प्रश्न आधी वाचून दाखवतात. एखादा प्रश्न दुहेरी असेल, जसं "चावी वापरून पैसे काढताना तुमच्याबरोबर कुणी होतं का?", तर तिथेच सांगा की या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देता येत नाही. मनात काही खुपत असेल तर वायरी लावण्याआधी सांगून मोकळे व्हा. मग तेच प्रश्न दोन-तीनदा फिरवून विचारतात. श्वास रोखणं, पायाचा अंगठा दाबणं, जीभ चावणं, असले उपाय करू नका. परीक्षकांना ते ओळखायला शिकवलेलं असतं आणि 'असहकार' असा शेरा पडला की तो खोटेपणापेक्षा वाईट दिसतो.

चाचणी संपली की परीक्षक म्हणू शकतो, "यंत्र सांगतंय तुम्ही खोटं बोलताय. आता खरं सांगून टाका." या क्षणासाठी आधीच मन घट्ट करून ठेवा. पाणी मागा. "माझं उत्तर तेच आहे, बाकी वकिलासमोर" म्हणा. कारण कायद्याची मेख इथे आहे. यंत्राचा निकाल स्वतः पुरावा होत नाही. पण संमतीनं झालेल्या चाचणीत तुम्ही काही सांगितलंत आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली, म्हणजे जुन्या कलम २७ खाली, तुमच्याविरुद्ध येऊ शकतो.

उलट बाजूनंही लोक विचारतात: "मीच टेस्ट मागितली तर सुटेन का?" जून २०२५ मध्ये बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नार्कोबद्दल सांगितलं की आरोपीला अशी चाचणी मागण्याचा निरपवाद हक्क नाही; योग्य टप्प्यावर, न्यायालयाच्या परवानगीनं ती होऊ शकते. पॉलिग्राफसाठीही मी हाच सल्ला देते. यंत्रानं 'खरं' म्हटलं म्हणून कुणी दोषमुक्त होत नाही.

खासगी टेस्टवाल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मालकानं किंवा नवऱ्यानं बाहेरच्या संस्थेत 'टेस्ट दे' म्हटलं तर नाही म्हणा आणि ते लेखी कळवा. अमेरिकेत तर १९८८ सालापासून बहुतेक खासगी मालकांना कामगाराची अशी चाचणी घ्यायला कायद्यानं बंदी आहे.

आता सुरुवातीच्या त्या फोनवाल्या दादांबद्दल. ते एका पतसंस्थेत रोखपाल होते. चार लाख तीस हजारांची तूट निघाली होती. मी कोर्टात दुसऱ्या केसमध्ये उभी होते, फोन बंद होता. मी परत फोन करेपर्यंत त्यांनी सही करून टाकली होती. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मी त्यांना परोपरीनं विनवलं. ते म्हणाले, "ताई, मी रुपया घेतला न्हाई. नाही म्हटलं तर गाव काय म्हणंल?" त्यांची इच्छा, त्यांचा हक्क. ते मुंबईला गेले.

अहवालात सात नंबरच्या प्रश्नावर 'भ्रामक प्रतिक्रिया' असा शेरा आला. प्रश्न होता, "संस्थेच्या तिजोरीबद्दल तुम्ही घरच्यांपासून काही लपवलं आहे का?" लपवलं होतं. बायकोची पाटली त्यांनी त्याच संस्थेत गहाण ठेवली होती, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी, तिला न सांगता. पाटली त्याच तिजोरीत होती. प्रश्न आधी वाचून दाखवले तेव्हा लाजेनं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

म्हणून शेवटचं काम: अहवालाची आणि आलेखांची प्रमाणित नक्कल मागा. प्रश्नांची यादी, चाचणीची वेळ, सगळं. रिमांडच्या कागदात पोलीस 'अहवाल प्रतिकूल' अशी एक ओळ घालतात. त्या ओळीवर लेखी हरकत घ्या आणि सेल्वीचा निकाल जोडा. आम्ही तसं केलं. जामीन झाला. सात महिन्यांनी लेखापरीक्षकाला एका मुदतठेवीची परतफेड वहीत चढवलेलीच नाही असं आढळलं, आणि तूट तेवढीच होती. पोलिसांनी 'सी समरी' दाखल केली, म्हणजे तक्रार गैरसमजातून झाली असा अहवाल कोर्टात दिला. दादांनी त्या संस्थेत परत पाऊल ठेवलं नाही. ते आता वाठारला किराणा दुकान चालवतात. नक्कल अजून माझ्या कपाटात आहे, आणि 'करू का?' असा फोन आला की मी त्या माणसाला ऑफिसला बोलावून आधी तिचं सातवं पान वाचायला देते.